तुमच्या डोक्यात सरडा बसलेला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसातल्या एका प्रशिक्षणात वक्त्यांनी सांगितलं की माणसाच्या डोक्यात तीन मेंदू एकावर एक बसलेले असतात. तळाला सरड्याचा, त्यावर सस्तन प्राण्यांचा भावनांचा आणि माथ्यावर विचार करणारा खास मानवी. राग आला की तळातला सरडा ताबा घेतो. हे खरं आहे का? आणि नसेल तर माशापासून माणसापर्यंत मेंदू बदलला तरी कसा?

पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याला जागा लागेल. प्राणिशास्त्राच्या मुलांना तुलनात्मक शरीररचना आणि भ्रूणविज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, तेव्हा जरा ऐसपैस लिहिते.

तीन मेंदूंची ही कल्पना पॉल मॅकलीन या अमेरिकी संशोधकाची, १९६० च्या दशकातली. घरावर मजले चढवत जावेत तसा उत्क्रांतीत जुन्या मेंदूवर नवा मेंदू चढत गेला, हा तिचा गाभा. स्लाइडवर झकास दिसते आणि लक्षात राहते, म्हणूनच अजून फिरते आहे. वेगवेगळ्या प्राण्यांचे मेंदू ताडून पाहणाऱ्यांनी ती केव्हाच सोडून दिली. एक तर सरडा आपला पूर्वजच नाही. सस्तन प्राण्यांकडे येणारी शाखा आणि सरपटणारे प्राणी व पक्षी यांच्याकडे जाणारी शाखा सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तेव्हापासून सरड्याचा मेंदूही आपल्याइतकाच काळ बदलत आला आहे. नात्याने तो चुलत, खापरपणजोबा नव्हे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: वर चढले म्हणतात ते मजले मुळात कधी चढलेच नाहीत. मेंदूचे सगळे मुख्य भाग सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत आहेत, अगदी लॅम्प्री नावाच्या, जबडा नसलेल्या जलचरातसुद्धा.

हे पटवून घ्यायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे कोंबडीचं अंडं. दुकानातलं नव्हे, हॅचरीतलं, फलित. ३७-३८ अंशांवर दीड दिवस उबवलं, वरून कवचाला खिडकी पाडली की बलकावर एक फिकट चकती दिसते. फिल्टर पेपरची रिंग त्या चकतीवर ठेवायची, भोवतीने कात्री फिरवायची आणि रिंगसकट गर्भ उचलून कोमट सलाइनमध्ये सोडायचा. बी.एस्सी.ला ज्यांनी प्राणिशास्त्र घेतलं होतं त्यांना '३३ तासांचं भ्रूण' ही स्लाइड आठवेल. मधोमध मेरुरज्जूची नळी, तिच्या दोन्ही बाजूंना चौकोनी तुकड्यांच्या दहाएक जोड्या, उजवीकडे कलू लागलेलं हृदय. आणि नळीच्या पुढच्या टोकाला एकामागे एक तीन फुगवटे: पुढचा मेंदू, मधला मेंदू, मागचा मेंदू. पुढच्या फुगवट्यातून दोन्ही बाजूंना जे बाहेर आलेलं दिसतं ते डोळे. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, हे वाक्य पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही. स्लाइड पाहिली की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणखी काही तासांत तीनाचे पाच होतात. पुढच्या फुगवट्याचे दोन भाग पडतात: एकातून मोठा मेंदू, दुसऱ्यातून थॅलॅमस (इंद्रियांची माहिती मोठ्या मेंदूकडे पोचवणारा) आणि हायपोथॅलॅमस (भूक, तहान, तापमान सांभाळणारा). मधला तसाच राहतो. मागच्याचेही दोन होतात, त्यांतल्या पहिल्याच्या छतातून लहान मेंदू घडतो आणि दुसऱ्यातून मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणारा शेवटचा भाग. मासा, बेडूक, सरडा, कोंबडी, उंदीर, माणूस, कोणाचाही गर्भ घ्या, हाच क्रम. माणसात ही नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास बंद होते, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं अजून कळलेलंही नसतं. फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवतानाच सुरू करा, असं डॉक्टर सांगतात ते ही नळी नीट बंद व्हावी यासाठी. विषयांतर झालं, पण हे जितक्यांना ठाऊक होईल तितकं बरं.

फुगवटे सारखे दिसतात एवढ्यावर मी थांबणार नाही. दिसण्यावर विसंबून एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट हेकेलने घोटाळा करून ठेवला होता: माणसाचा गर्भ आधी मासा होतो, मग सरडा, मग माणूस, असं तो म्हणायचा. माणसाचा गर्भ कधीच मासा नसतो. तो आणि माशाचा गर्भ काही काळ एकमेकांसारखे असतात आणि पुढे वाटा फुटतात. कार्ल फॉन बेअरने हे १८२८ मध्येच लिहून ठेवलं होतं. मजल्यांच्या कल्पनेचं मूळही मला हेकेलच्या त्या शिडीतच दिसतं.

तर दिसण्यापलीकडचा पुरावा. नळीचा कोणता तुकडा कोणता भाग होणार हे ठरतं ते त्या जागी कोणती जनुकं चालू आहेत आणि शेजारून कोणतं प्रथिन झिरपतं आहे यावरून. मधल्या आणि मागच्या मेंदूच्या सीमेवर एक अरुंद पट्टा असतो. तिथून एफजीएफ-८ नावाचं प्रथिन दोन्ही बाजूंना पसरतं. १९९६ मध्ये संशोधकांनी हेच प्रथिन एका सूक्ष्म मण्यात मुरवलं आणि कोंबडीच्या गर्भात भलत्या जागी, पुढच्या मेंदूच्या मागच्या अर्ध्या भागात, ठेवून दिलं. तिथे चक्क जादा मधला मेंदू तयार झाला. म्हणजे तिथल्या पेशींना थॅलॅमसच व्हायचं असं कपाळावर लिहिलेलं नव्हतं. निरोप बदलला, पेशींचं भवितव्य बदललं. निरोप धाडणारा हा पट्टा, पुढच्या-मधल्या भागातलं ओटीएक्स जनुक, मागच्या मेंदूत पट्ट्यापट्ट्याने चालू होणारी हॉक्स जनुकं, हा सगळा सरंजाम सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत आहे.

आता लॅम्प्री. युरोप-अमेरिकेतल्या नद्यांत आढळणारा, गोल चोषकतोंडाचा, जबडा नसलेला प्राणी. त्याची शाखा आपल्यापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी फुटली. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये स्टेन ग्रिलनर यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की हालचालींतून नेमकी कुठली निवडायची हे ठरवणारी बेसल गँग्लियाची जोडणी लॅम्प्रीत जवळजवळ आपल्यासारखीच आहे. हीच ती जागा, जिला मॅकलीन 'सरपटणाऱ्यांचा' मेंदू म्हणत होता. ती सरपटणाऱ्या प्राण्यांच्याही आधीपासून आहे. आणि वरचं आच्छादन, ज्यातून आपल्यात कॉर्टेक्स, म्हणजे मोठ्या मेंदूची बाहेरची साल बनते, तेही लॅम्प्रीत आहे; पातळ, साधं, पण तिथूनही चेतापेशींचे धागे थेट खाली जातात. जपानमधल्या एका गटाने २०१६ मध्ये लॅम्प्रीचा भाऊबंद असलेल्या हॅगफिशच्या गर्भाचा अभ्यास करून, या प्राण्यांत नाहीतच असं समजले जाणारे दोन प्रदेशही हुडकून काढले. त्यांपैकी एक म्हणजे लहान मेंदू ज्या काठातून उगवतो तो काठ.

म्हणजे आराखडा जबड्याच्याही आधीचा. मग फरक कशात? पेशी कुठे, किती काळ विभागत राहतात आणि कोणत्या भागाचे धागे कुठे जाऊन मिळतात, यात. हे पाहायला मासे हा सगळ्यात श्रीमंत गट आहे आणि दुर्दैवाने सगळ्यात दुर्लक्षितही.

मासळी बाजारातून रोहूचं मोठं डोकं आणा. कवटीचं छत कात्रीने अलगद काढलं तर आधी चरबीचा बुळबुळीत गोळाच हाती येतो. मेंदू त्याच्या तळाशी, पोकळीच्या मानाने छोटा. चरबी काढून टाका. सगळ्यात पुढे, लांब देठांच्या टोकाला, वासाचे दोन कंद. मग पुढच्या मेंदूचे दोन लहान गोळे. त्यामागे नजरेचे दोन गोल खंड, हे मधल्या मेंदूचं छत. मग लहान मेंदू. आणि त्याच्याही मागे, जिथे आपल्यात मस्तिष्कपुच्छाचा साधा दांडा असतो, तिथे दोन भलेमोठे फुगीर खंड. हे चवीचे. व्हेगस चेता तोंडातून आणि घशातून जी चव आणते ती इथे येते. कार्प कुळातले मासे चिखल, कचरा आणि अन्न एकत्र तोंडात ओढतात आणि टाळ्याच्या मांसल गादीने अन्न तेवढं वेगळं करून बाकीचं थुंकून टाकतात. ही निवड करणारा खंड नुसता मोठा नाही, आतून थराथरांचा आहे. मिशा असलेल्या माशांत, म्हणजे मागूर-शिंगाळ्याच्या गोतावळ्यात, याच भागात दुसरा खंड फुगतो, चेहऱ्याच्या चेतेचा, कारण त्यांची चव मिशांवर आणि अंगावर पसरलेली असते. भाग नवा नाही. प्रत्येक पृष्ठवंशी प्राण्याच्या मस्तिष्कपुच्छात चवीची जागा आहे. इथे ती जगण्याच्या गरजेपायी वाढली. थर म्हणजे प्रगत, असं समजणाऱ्यांना मी हमखास हा खंड दाखवायचे.

आफ्रिकेतल्या गढूळ नद्यांतला हत्तीसोंड्या मासा तर कळस आहे. तो शेपटीजवळच्या इंद्रियातून विजेचे सौम्य ठोके सोडतो आणि आसपासच्या वस्तूंमुळे त्यांत काय फरक पडतो ते वाचत अंधारात फिरतो. त्याच्या लहान मेंदूचा एक भाग वाढून बाकीचा सगळा मेंदू झाकून टाकतो. शरीर घेतं त्या ऑक्सिजनपैकी सुमारे ६० टक्के या माशाचा मेंदू एकटा खातो. आपला खातो २० टक्के, आणि तेवढ्यावर आपण मिरवतो.

हे फरक गर्भात कधी उमटतात? आफ्रिकेतल्याच मलावी सरोवरात सिक्लिड माशांच्या शेकडो जाती आहेत. खडकांत राहणाऱ्या जातींत मोठ्या मेंदूचा भाग थोरला असतो, वाळूवर मोकळ्यात राहणाऱ्यांत नजरेशी निगडित थॅलॅमसचा. २०१० मध्ये अमेरिकी संशोधकांनी गर्भ पाहिले, तर चेतापेशी जन्माला यायच्या आधीच, नळीच्या अवस्थेत, निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या सीमा या दोन गटांत किंचित पुढेमागे सरकलेल्या होत्या. इतक्या जवळच्या जातींत, इतक्या लवकर. भाग उशिरा वाढून मोठा होतो हा एक मार्ग आणि सुरुवातीला वाटणीच वेगळी होते हा दुसरा. निसर्ग दोन्ही वापरतो.

माशांबद्दल आणखी एक. लॅम्प्री, मुशी (छोटा शार्क), बेडूक, आपण, सगळ्यांत पुढच्या नळीच्या भिंती फुगून दोन पोकळ अर्धगोल होतात. रोहू, बांगडा, पापलेट अशा नेहमीच्या हाडांच्या माशांत मात्र त्याच भिंती बाहेरच्या बाजूला उलटतात. त्यामुळे आपल्यात जो भाग आत, मध्यरेषेशी असतो तो यांच्यात बाहेरच्या कडेला जातो. आपल्यात मध्यरेषेशी हिप्पोकॅम्पस आहे, जागा आणि रस्ते लक्षात ठेवणारा. स्पेनमधल्या सेविया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोल्डफिशच्या मेंदूची बाहेरची कडा निकामी केली, तर मासे शिकलेली जागा शोधण्यात चुकू लागले. पूर्वीच्या शरीरशास्त्रज्ञांनी कडेला ठेवलेला तो भाग ओळखलाच नाही आणि माशाला अक्कल नाही असा शेरा मारून मोकळे झाले.

बेडकावर फार वेळ घालवत नाही. एवढंच सांगते की त्याचा मेंदू साधा आहे तो 'मागे राहिल्यामुळे' नव्हे. उभयचरांत, विशेषतः सॅलॅमँडरांत, पेशींमधलं डीएनए अफाट वाढलं, त्यामुळे पेशी मोठ्या आणि थोड्या झाल्या आणि मेंदू नंतर साधा बनला. उत्क्रांती चढतच जाते असा समज असेल तर इथे मोडतो. उलट मुशीचा मेंदू शरीराच्या मानाने चांगला भरदार. आमच्या पिढीने मुशीची कवटी तासून मेंदू आणि त्यातून निघणाऱ्या चेता परीक्षेत दाखवल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदनं बंद केल्यापासून मुलं ते तक्त्यावर आणि संगणकावर बघतात. मुशींचं भलं झालं, हे मान्य. हाताने शिकायचं ते राहिलंच.

आता पक्षी, कारण तीन मजल्यांची गोष्ट खरी कोसळते ती इथे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकफर्टच्या लुडविग एडिंगर यांनी पक्ष्यांच्या मोठ्या मेंदूचा बहुतेक भाग आपल्या बेसल गँग्लियासारखा, म्हणजे नुसता सहज प्रेरणांचा, असं ठरवलं आणि त्याप्रमाणे नकाशे छापले गेले. कापल्यावर त्यात थर दिसत नाहीत, गाठीगाठी दिसतात, हे निमित्त. १९६० च्या दशकात हार्वे कार्टन यांनी धागे कुठून येतात, कुठे जातात ते माग काढून पाहिलं: डोळ्या-कानाकडून थॅलॅमसमार्गे येणारी माहिती या गाठींत तशीच उतरते जशी आपल्यात कॉर्टेक्समध्ये. नकाशा अधिकृतपणे दुरुस्त व्हायला २००४ उजाडलं. पक्ष्यांच्या मोठ्या मेंदूचा बहुतांश भाग वरच्या आच्छादनातूनच बनतो, हे तेव्हा सर्वमान्य झालं.

पुढे मोजणी झाली. रेव्हन, म्हणजे हिमालयात आणि उत्तरेकडच्या थंड प्रदेशांत दिसणारा थोरला कावळा, याचा मेंदू सुमारे १४ ग्रॅम. त्यात आच्छादनाच्या भागात १.२ अब्ज चेतापेशी. कॅपुचिन माकडाचा मेंदू ५० ग्रॅमच्या वर, आणि त्याच्या कॉर्टेक्समध्ये चेतापेशी साधारण तेवढ्याच. पक्ष्याच्या पेशी लहान आणि दाटीने भरलेल्या असतात. कावळा तारेचा आकडा वाकवून नळीतून मांस काढतो तेव्हा तो काही सहज प्रेरणेने काढत नाही.

मग पक्ष्याच्या गाठी आणि आपले थर हे एकाच जुन्या भागातून आले का? यावर तीस-चाळीस वर्षं भांडण होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये स्पेन आणि जर्मनीतल्या गटांचे शोधनिबंध आले. कोंबडी, उंदीर आणि पाल यांच्या गर्भांत एकेका पेशीची जनुकं आणि तिची जन्मवेळ त्यांनी ताडून पाहिली. काम सारखं करणाऱ्या पेशी पक्ष्यात आणि सस्तनात वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी जन्मतात. आच्छादन वारशाने मिळालेलं, पण त्यातली डोळ्या-कानाची गुंतागुंतीची जोडणी दोघांनी स्वतंत्रपणे उभी केली. तपशिलावर वाद चालू राहतीलच, पण मला हे पटतं.

सस्तनांचं सहा थरांचं कॉर्टेक्स ही मात्र खरोखर त्यांची स्वतःची करणी. नव्या पेशी आतल्या भिंतीशी जन्मतात आणि आधी आलेल्यांना ओलांडून वर जाऊन बसतात, म्हणून सर्वांत तरुण थर वरचा. रीलिन नावाचं प्रथिन नसलेल्या उंदरांत हा क्रम उलटापालटा होतो आणि ते झोकांड्या खात चालतात. आकार येतो तो वेळेतून: उंदराच्या कॉर्टेक्समध्ये चेतापेशी घडवण्याचं काम सुमारे सहा दिवस आणि अकरा विभाजनं चालतं, मकाक माकडात सुमारे साठ दिवस आणि निदान अठ्ठावीस. प्रत्येक जादा विभाजनाने पेशी दुप्पट होऊ शकतात, हिशोब तुम्हीच करा. शिवाय माणसात एआरएचगॅप-११बी नावाचं एक जनुक आहे जे चिंपांझीत नाही. ड्रेस्डेनच्या मॅक्स प्लँक संस्थेने ते उंदराच्या आणि नंतर मार्मोसेट माकडाच्या गर्भात घातलं, तर पेशी जास्त विभागल्या आणि मार्मोसेटच्या गुळगुळीत कॉर्टेक्सला वळ्या पडल्या.

तरीही आपल्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशींपैकी कॉर्टेक्समध्ये १६ अब्जच आहेत. ६९ अब्ज लहान मेंदूत. आफ्रिकी हत्तीचा मेंदू साडेचार किलोच्या वर, चेतापेशी २५७ अब्ज, त्यांतल्या २५१ अब्ज लहान मेंदूत आणि कॉर्टेक्समध्ये जेमतेम साडेपाच अब्ज. सोंड चालवायला लहान मेंदू लागतो, असा अंदाज आहे. ज्याला तळमजला म्हणून हिणवायचं तोच भाग असा वाढत आला आहे.

राहिला राग. वॉल्टर हेस यांनी १९२० च्या दशकात मांजराच्या हायपोथॅलॅमसला विजेचा सौम्य प्रवाह दिला की मांजर केस उभे करून फिस्कारत अंगावर यायचं; या कामासाठी त्यांना १९४९ चं नोबेल मिळालं. रागाची यंत्रणा खोलवर आहे, इतपत तुमच्या वक्त्यांचं बरोबर. पण ती तिथे सरड्याकडून आलेली, जशीच्या तशी गोठून राहिलेली नाही. फ्रँकफर्टच्या मॅक्स प्लँक संस्थेत २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ड्रॅगन सरड्याच्या मेंदूतल्या पेशी उंदराच्या पेशींशी एकेक करून ताडल्या गेल्या. मजले खरे असते तर खालच्या भागांत फक्त जुन्या पेशी आणि वरच्यात फक्त नव्या सापडायला हव्या होत्या. जवळजवळ प्रत्येक भागात दोन्ही सापडल्या. थॅलॅमसमध्ये तर कॉर्टेक्सशी जोडलेला भाग बदललेला आणि बाकीचा जुना, म्हणजे ज्याच्याशी जोडणी आहे त्याच्याबरोबर बदल. तुमच्या कपाळामागचं कॉर्टेक्स आणि हायपोथॅलॅमस एकमेकांशी जोडलेले राहूनच घडत आले आहेत. सभेत चिडलात तर चिडणारा सगळा मेंदू तुमचाच, सस्तनाचा, माणसाचा. रागात दहापर्यंत आकडे मोजा हा सल्ला वक्त्यांनी दिला असेल तर तो जरूर पाळा, फक्त सरड्याला त्यात गोवू नका.